बिनसुरी वीणा

थोरल्या सरकारांचं एकतिसावं वर्ष, आठवा महिना

दादा,

बारा वर्षांनी तुझ्यासाठी बांबूच्या पट्ट्या घासायला घेतल्या आणि पहिल्याच पट्टीवर अडले. नुसतं 'दादा' लिहिलं आणि कुंचल्यावरची शाई वाळून गेली. म्हणून आता सरळ कामाचं लिहिते.

आईला तुझ्याकडे छी राज्यात, लिन्झीला घेऊन जाशील का? इथल्या थंडीत तिचे गुडघे आखडतात. तुझा मिठाचा धंदा जोरात चाललाय असं तुझा गाडीवान हू सांगत होता. अंगणात तुतीचं झाड आहे म्हणे, आणि वहिनीचा आवाज तुझ्यापेक्षा चढा आहे म्हणे. बरं झालं. तुला असंच कुणीतरी हवं होतं.

आमचं ठीक चाललंय. थोरले सरकार उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेत. रोज संध्याकाळी मला बोलावणं येतं, मी वीणा वाजवते, ते डोळे मिटून ऐकतात. परवा वैद्यांच्या देखत बाईसाहेबांचा हात धरून म्हणाले, "रोउच्या वाजवण्याशिवाय मला झोप लागायची नाही." त्यावर सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. फार मायेनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी फान आचाऱ्याने माझ्या राळ्याच्या भातावर डुकराच्या मांसाचा हा एवढा तुकडा ठेवला. न मागता! फान किती चिकट आहे ते तुला ठाऊक आहे.

तर आईचं बघ. शक्यतो बर्फ पडायच्या आत. का, ते विचारू नकोस.

रोउ


दहावा महिना, कृष्णपक्ष

दादा,

तुझं उत्तर मिळालं. बारा वर्षांनी भाऊ लिहितो आणि काय लिहितो, तर "आईला का? आणि तू?" एवढंच! लिन्झीत बांबू महागलाय की काय?

सरकार गेले. मागच्या महिन्यात, पहाटे. शेवटी मला बोलवायलाही वेळ मिळाला नाही. माणूस वाईट नव्हता रे. तुला हे वाचून राग येईल, येऊ दे. वाजवताना चाल चुकली की नुसती भुवई उचलायचा, कधी कुणासमोर बोलला नाही.

परवा गोंगशी काका घरी आले होते. तेच आपले विधिप्रमुख, बाबांबरोबर राळ्याची दारू प्यायला बसायचे ते. आता पार वाकलेत. माझ्यासाठी पांढऱ्या रेशमाचा झगा घेऊन आले होते. भारी रेशीम आहे, तुमच्या छी राज्यातलंच असणार. आईने झग्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चुलीपाशी बसली. तिने असा झगा याआधीही पाहिलाय. बाबांच्या अंगावर.

घे, लिहून टाकलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात दफन आहे. सरकारांच्या सोबतीला चौघं जिवंत थडग्यात जायची आहेत. स्वयंपाकाला फान. रथाला बिंग सारथी. सोबतीला लियाओ, सरकारांची सगळ्यात धाकटी बाई. सोंग राज्याहून आली तेव्हा बरोबर खारवलेल्या आलुबुखारांची बरणी घेऊन आली होती, अजून माहेरच्या आठवणीने रडते. आणि संगीताला मी.

तुला काय वाटणार ते मला माहीत आहे. बाबांना सरकारांच्या आईच्या, आजीसाहेबांच्या थडग्यात उतरवलं तेव्हा त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून तू ओरडलास, पहारेकऱ्यांच्या हातून निसटलास, आणि पळता पळता मला म्हणालास, "तूही त्यांच्यातलीच आहेस!" बाबांच्या जागी मी वाजवायला बसले हे तुला आजही खुपतं. मग आईला जेवू कोण घालणार होतं? हे मी तेव्हाही विचारलं होतं. तुझ्या त्या पट्टीवर याचंही उत्तर नव्हतं.

लोक रस्त्यात मला वाकून नमस्कार करतात. भाजीवाली पैसे घेत नाही. मान आहे म्हणतात. असेल. पण रात्री माझे हात गार पडतात, हे फक्त तुला लिहिते.

आईला ने.

रोउ


बारावा महिना, बर्फ पडून गेल्यावर

दादा,

हू आला होता. मिठाच्या पोत्यांखाली फळ्या ठोकून माणूस आडवा झोपेल एवढी जागा केलीस, वर श्वासाला भोकंही पाडलीस. ती भोकं पाहून मी चुलीमागे जाऊन रडले. मला वाटलं होतं तू एक शिवी लिहून पाठवशील.

पण मी येणार नाही. रागावण्याआधी नीट ऐक. माझी जागा रिकामी ठेवणार नाहीत ते. माझी शिष्या शिन आहे, गेल्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं मीच. हात चांगला आहे तिचा. मी पळाले तर पांढरा झगा तिच्या घरी जाईल. तुझ्या पोत्यांखाली पडून लिन्झीपर्यंत मी दुसरा कुठला विचार करणार होते, सांग?

आईलाही गाडीत बसवायचा प्रयत्न केला. तिने हूला गरम पेज पाजली, त्याच्या टोपीला टाका घातला आणि म्हणाली, "माझ्या मुलाला सांग, मी एकदा घरात बसून राहिले. यावेळी बसणार नाही." याचा अर्थ काय, मला विचारू नकोस. ती काठी टेकत रोज राजवाड्याच्या फाटकापर्यंत जाते आणि तिथे उभी राहते. पहारेकरी म्हणतात, "आजी, घरी जा." ही म्हणते, "तू जा. तुझी आई वाट बघत असेल."

आता खरं काम. मी मरायला तयार नाही, दादा. आठवडाभर होते तयार, मग कंटाळा आला.

परवा थडग्यात ठेवायच्या वीणेची तयारी कशी करायची हे समजून घ्यायला मी गोंगशी काकांकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन नव्हतं, पण या वेळी ते डोक्यात घंटेसारखं वाजलं. काय, ते इथे लिहीत नाही. आधीच कळलं तर ऐकणाऱ्याचं आश्चर्य खोटं वाटेल.

दफनाच्या आदल्या दिवशी सगळ्या वस्तू शवपेटीसमोर अंगणात मांडतात. शेजारच्या राज्यांचे दूत तेव्हा हजर असतात. मला तिथे न विचारता तोंड उघडता येत नाही. नवे सरकार मला विचारणार नाहीत, ते त्यांच्या आईसमोर, थोरल्या बाईसाहेबांसमोर, मान वर करत नाहीत. पण पाहुण्याने प्रश्न केला तर उत्तर द्यावंच लागतं. त्यातून पाहुणा छीचा असला, तर विचारूच नको. आमचं मीठ तुमच्याकडून येतं.

तुमचा जो दूत येणार आहे त्याच्या घरी तू मीठ पोचवतोस, असं हू म्हणाला. त्याला गाठ. पाया पड, भेट दे, काय वाटेल ते कर. त्याने एकच करायचं. पुढे उभं राहायचं, आणि कानाला काही विचित्र ऐकू आलं तर मोठ्याने विचारायचं. बस्स.

जमेल? तुझं तोंड बारा वर्षांपूर्वी फार मोठं होतं. आता उपयोगाला येऊ दे.

रोउ


नव्या सरकारांचं पहिलं वर्ष, दुसरा महिना

दादा,

मी जिवंत आहे!

हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील. हूला सांगितलंय, वाटेत कुठे मीठ विकायला थांबलास तर तुझे बैल मी खाईन.

आता सगळं क्रमाने सांगते.

मांडणीच्या दिवशी धुकं होतं. अंगणाच्या मधोमध शवपेटी, पुढे चटयांवर सगळ्या वस्तू. कच्च्या मातीची भांडी, ज्यांत पाणी ओतलं तर चिखल व्हावा. खाचा न पाडलेले बाण, जे धनुष्याच्या दोरीवर बसूच नयेत. टांगायच्या चौकटीशिवाय नुसत्या जमिनीवर ठेवलेल्या घंटा. माझी वीणा, तिच्या पंचवीस रेशमी तारा ओढलेल्या. आणि त्या रांगेच्या शेवटी आम्ही चौघं, पांढऱ्या झग्यात. लियाओचा हात मी धरला होता. फान पुटपुटत होता, "असली भांडी देतात, आणि म्हणे स्वयंपाक कर." बिंगने त्याला कोपर मारलं. "गप. तुला निदान चूल तरी आहे. माझ्या रथाला घोडे मातीचे."

खोटं नाही, दादा, त्या क्षणी मला हसू आलं आणि हसूनच धीर आला.

मी पुढे जाऊन वीणा चटईवर सरळ करायची आणि मागे सरायचं, एवढंच ठरलं होतं. मी गुडघ्यावर बसले. वीणा सरळ केली. आणि दोन्ही हातांची बोटं सगळ्या तारांवरून खाली ओढली.

काय आवाज झाला म्हणून सांगू! पंचवीस तारांचं एकमेकींशी जन्माचं वैर असल्यासारखा. कुठलीतरी मध्येच किंचाळली, जाड तार नुसती घुरघुरली. कबुतरं छपरावरून उडाली. दुखवट्यात वाद्याला बोट लावायचं नसतं, आणि मी तर शवपेटीसमोर! थोरल्या बाईसाहेब ताडकन उठल्या. "हात तोडा तिचे!"

"तोडा की," बिंग मागून म्हणाला. हळूच म्हणाला, पण अंगण इतकं शांत झालं होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "उद्या तसेही मातीखालीच जायचेत."

मी पुन्हा वाजवलं. या वेळी आमची संध्याकाळची चाल, सरकारांना झोप आणणारी. बिनसुऱ्या तारांवर ती ऐकून मेलेला माणूस उठून बसला असता.

आणि मग तुझा दूत पुढे आला. दादा, तू त्याला काय दिलंस ते मला माहीत नाही, पण ते वसूल झालं. ढेरपोट्या माणूस, दाढी कमरेपर्यंत. दोन्ही हात जोडून म्हणाला, "क्षमा असावी. आमच्या छीमध्ये डुकरं पकडताना असा आवाज येतो. मिएन राज्यात याला संगीत म्हणतात का?"

नवे सरकार कानापर्यंत लाल झाले. सव्वीस वर्षांचा मुलगा, तीन राज्यांचे दूत समोर, आणि पहिलाच कार्यक्रम. मला म्हणाले, "रोउ, पाहुण्यांना उत्तर दे."

मी कपाळ जमिनीला टेकवलं आणि म्हणाले, "वाद्य बिघडलेलं नाही, सरकार. विधीप्रमाणेच आहे. मृताच्या वीणेला तारा लावतात, सूर लावत नाहीत. तारांखालच्या घोड्या चिकटवून टाकलेल्या असतात, त्या हलवता येत नाहीत. उद्यापासून थोरले सरकार हेच ऐकणार आहेत, कायमचं. म्हटलं, आजपासून सराव करावा."

लू राज्याच्या दूताने बाही तोंडाला लावली. सोंगचा दूत खोकला. तुझा ढेरपोट्या मात्र मोकळेपणी हसला, मग एकदम गंभीर होऊन त्याने शवपेटीला वाकून नमस्कार केला.

"हे खरं आहे?" सरकारांनी गोंगशी काकांना विचारलं.

इथे सगळं अडलं होतं, दादा. मी काकांशी काहीच ठरवलं नव्हतं. त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून मुद्दाम सांगितलं नव्हतं. ते 'नाही' म्हणाले असते तर मी खोटारडी ठरले असते आणि त्यांचं पद शाबूत राहिलं असतं. बाईसाहेब त्यांच्याकडे डोळे रोखून पाहत होत्या. म्हातारा काठीवर भार टाकून पुढे सरकला. मग म्हणाला, "खरं आहे."

"का असं?"

"सरकार, खरी भांडी ठेवली तर आपण वेडे ठरू, कारण वडील जेवणार नाहीत हे आपल्याला कळतं. काहीच ठेवलं नाही तर आपण निर्दय ठरू, कारण ते गेले हे आपल्याला सोसत नाही. म्हणून भांडी ठेवायची, पण कच्ची. वीणा ठेवायची, पण बिनसुरी."

सरकारांनी त्या सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. कच्ची भांडी, बिनखाचांचे बाण, मुक्या घंटा. नजर आमच्यावर येऊन थांबली. लियाओवर. तिचे दात वाजत होते.

"मग ही माणसं खरी का?" ते म्हणाले.

 काकांची हनुवटी हलत होती. मला वाटलं, म्हातारा आता पडतो. पण तो ताठ झाला, आजवर त्याला इतकं ताठ पाहिलं नव्हतं, आणि म्हणाला, "हा विधी नव्हे, सरकार. ही सवय आहे. एक चांगला मित्र या सवयीत मी स्वतः हात धरून खाली उतरवलाय. आता पुरे."

बाबा, दादा. ते आपल्या बाबांबद्दल बोलत होते. तिथे, सगळ्यांसमोर.

बाईसाहेब खाली बसल्या. त्यांचा राग गेला आणि त्याच्याखाली जे होतं ते वर आलं. "तो एकटा पडेल," त्या म्हणाल्या. "त्याला अंधारात भीती वाटायची. तुम्हाला कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे."

 तेवढ्यात फान पुढे झाला. आचारी, बघ! गुडघे टेकून म्हणाला, "बाईसाहेब, सरकार मला रोज शिव्या घालायचे. सूप खारट, मांस चिवट. एकवीस वर्षं. मला खाली बघून त्यांना आनंद होईल असं तुम्हाला खरंच वाटतं का?"

आणि बाईसाहेब हसल्या. रडता रडता, बाहीत तोंड लपवून, पण हसल्या. त्यांचा हट्ट सुटलेला दिसला तसे सरकार पायऱ्या उतरून खाली आले. आमच्यासमोर उभे राहिले. त्यांनी लियाओच्या कमरेची पांढरी दोरी स्वतःच्या हाताने सोडली, मग फानची, बिंगची, माझी. मग वर वळून मोठ्याने म्हणाले, "सुताराला बोलवा. लाकडाच्या चार बाहुल्या करा, चेहरे प्रेमळ असू द्या, वडिलांना अंधारात सोबत होईल. आणि लिहून ठेवा. मिएनमध्ये यापुढे जिवंत माणूस कुणाबरोबर जाणार नाही. माझ्याबरोबरही नाही."

फाटकाबाहेर लोक होतेच. ही बातमी आत घडली त्याच्या आधी बाहेर पोचली असावी. आम्ही चौघं बाहेर पडलो तेव्हा कुणी घोषणा दिली नाही, दुखवटा होता ना. पण सगळे एकदम जमिनीवर बसले, भाजीवाल्या, हमाल, भिकारी, आणि दोन्ही तळहातांनी जमीन थोपटू लागले. तो आवाज तू ऐकायला हवा होतास. मी आयुष्यभर संगीत केलं, असा ठेका ऐकला नाही.  लियाओ ओक्साबोक्शी रडत होती आणि चालता चालता माझ्या झग्याला नाक पुसत होती. भारी रेशीम! पुसू दिलं.

फाटकाच्या खांबाला टेकून आई उभी होती. मी जवळ गेले तर तिने आधी माझ्या पाठीत धपाटा घातला. "दुखवट्यात वाजवतेस? बापाने हेच शिकवलं?" आणि मग सोडेचना.

शिक्षा झाली आहे मला, लपवत नाही. दुखवट्याचे नियम मोडले म्हणून पंचवीस महिने वाद्याला हात लावायचा नाही. दुखवटाच तेवढा आहे, म्हणजे राज्यात कुणीच वाजवणार नाही. सरकारांनी ही शिक्षा अगदी गंभीर चेहऱ्याने सुनावली आणि मीही तितक्याच गंभीरपणे ऐकली.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. बाहुल्यांचे चेहरे सुताराने रात्रभर जागून कोरले. माझ्या बाहुलीचं नाक मोठं झालंय. चालेल. वीणा मी स्वतः तिच्या मांडीवर ठेवली आणि मनात म्हणाले, सरकार, क्षमा करा. चांगलं वाजवायला ही बाई वर हवी आहे.

तू मला म्हणाला होतास, तूही त्यांच्यातलीच. हो दादा, मी त्यांच्यातलीच. आतून दार उघडायला कुणीतरी आतलंच लागतं. पण बाहेरून ढकलणारा तू होतास, आणि ढेरपोट्या दूताला काय सांगून आणलंस ते मला तोंडाने ऐकायचंय, पट्टीवर नको.

तुझी रोउ


आठवा महिना, कापणीच्या दिवसांत

दादा,

तू येतोयस हे हूने गल्लीच्या तोंडापासून ओरडत सांगितलं. आईने त्याच दिवशी तुझी चटई धुतली. वहिनीला घेऊन ये. तिच्या आवाजाची आम्हाला भीती नाही, इथे फान आहे.

थडग्यावरच्या टेकडीची निगा सरकारांनी आम्हा चौघांवर सोपवली आहे. आज पहिल्यांदा गवत काढायला गेलो. लियाओ पुढच्या महिन्यात माहेरी, सोंगला निघाली आहे, तरी आली. गेल्या आठवड्यात शेजारच्या राज्यातून एक गाडी आली होती. तिथल्या म्हाताऱ्या राणीसाहेबांना आमचा सुतार हवाय, बाहुल्या करायला. त्या स्वतः आजारी आहेत. निरोप असा होता की, "माझ्या दासी फार बडबडतात. मला खाली शांतता हवी." फानने हे ऐकून इतकं हसून घेतलं की त्याला उचकी लागली.

गवत काढून झाल्यावर टेकडीच्या माथ्यावर बसून आम्ही राळ्याच्या वड्या खाल्ल्या. खाली नदी, दोन्ही काठांवर कापणी, लोक गाणं म्हणत होते. राजाचा दुखवटा शेतापर्यंत कुठला पोचतो! बिंगने कमरेवर हात ठेवले, पाय रोवले आणि टाचेने माती दाबून पाहिली.

"काय बघतोस?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "माती घट्ट बसलीय. वरून चांगली लागते."

रोउ